वाळकातलं पाणी

भादवा सरला की उदगीरच्या रानात ऊन पुन्हा चटके द्यायला लागतं. पूर्वी या दिवसांत खरिपाच्या ज्वारीत हिंडताना पायाशी वेलावर वाळूक सापडायचं. बांधावर बसून ते खुरप्यानं चिरायचं, तिखट-मीठ लावायचं आणि खायचं. मग घागरीकडं धावायची घाई नसायची. आजी म्हणायची, "वाळूक खाल्लंस नव्हं, पाणीच पिलास की ते!"

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. वाळूक काकडी-खरबुजाच्या कुळातलं. 100 ग्रॅम काकडीत सुमारे 95 ग्रॅम पाणी असतं. टोमॅटो आणि दुधी भोपळाही जवळपास तेवढेच पाणीदार. टरबुजात 91-92 टक्के, खरबुजात 90, संत्र्यात 87 टक्के पाणी. किलोभर टरबुजाचा गर पोटात गेला की 900 मिलिलिटरहून जास्त पाणी आत गेलं, तेही सावकाश आणि पोटॅशियमसारखे क्षार सोबत घेऊन.

दिवसाला आठ ग्लास पाण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्याचं मूळ बरेच जण 1945 सालच्या एका अमेरिकी शिफारशीत शोधतात. तिथं मोठ्या माणसाला रोज अडीच लिटर पाणी सांगितलं होतं. पण त्यातलं बरंचसं शिजवलेल्या अन्नातूनच मिळतं, हेही लगेच पुढं लिहिलं होतं. हे दुसरं वाक्य लोक विसरले. आजच्या हिशोबानं शरीराला लागणाऱ्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा जेवणातून येतो. ताटात वरण, रस्सा, ताक आणि कच्ची काकडी असेल तर हा वाटा वाढतो; फरसाण आणि बिस्किटांवर दिवस काढला तर घटतो. शिवाय खारट खाण्यानं तहान वाढते ती वेगळीच.

आपल्या भागाला हा हिशोब जास्त कळायला हवा. एप्रिल 2016 मध्ये, दुष्काळात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला 10 टँकर-डबे, 5 लाख लिटर पाणी. ते दिवस आठवले की वाळकाचं मोल नव्यानं कळतं. टरबुजाला ठिबक लागतं, विहिरीला पाणी लागतं. वाळूक मात्र पावसावर येतं. काळ्या मातीनं धरून ठेवलेली ओल ते फळात भरून ठेवतं, आणि ऐन ऑक्टोबरच्या तापात ती माणसाच्या हातात देतं. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं. तणनाशकाच्या फवाऱ्यात आपोआप उगवणारे वाळकाचे, शेंदाडाचे वेलही जळून जातात. सोयाबीननं हाती पैसा दिला, हे नाकारून चालणार नाही; पण रानातली ही फुकटची पाणपोई गेली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वाळकासारखीच रानातली दुसरी शिदोरी आंबिलीची. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, लातूर-उदगीरकडं घरं ओस पडतात आणि रानं भरतात. भज्जी, उंडे, खीर आणि बिंदगीत थंडगार आंबील. ज्वारीचं आंबवलेलं पीठ, ताक, मीठ, आलं-लसूण. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणी ढोसून ते भरून येत नाही. आतड्यात मीठ आणि साखर एकत्र असली की पाणी लवकर शोषलं जातं. 1971 साली डॉ. दिलीप महालनबीस यांनी बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, ते याच तत्त्वावर. पुढं तांदळाच्या पिठाचीही अशी द्रावणं तयार झाली. आंबील हे औषध नव्हे. जुलाब असतील तर ओआरएसच द्यावं. पण उन्हात राबणाऱ्या शरीराला ती कोणत्याही रंगीत बाटलीपेक्षा चांगली. येळवशीपुरतीच ती का ठेवायची? तिची खरी गरज चैत्र-वैशाखात असते.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळं, ताक आणि पाणी यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. उन्हात कुणाला भोवळ आली, बोलणं असंबद्ध झालं, तर फळं चारत बसू नये. सावलीत घ्यावं, अंगावर गार पाणी मारावं आणि थेट दवाखाना गाठावा. आणि वाळूक खाल्लं म्हणून पाण्याचा तांब्या दूर सारू नये. दोन्ही हवं.

ही दिवाळी सरायच्या आत तुमच्या शिवारात एखादं पिकलेलं वाळूक दिसलं, तर त्याचं बी धुऊन सावलीत वाळवा, राखेत घोळून ठेवा. पुढच्या मृगात बांधाच्या कडेला, फवारा पोचणार नाही अशा जागी, चार बिया टोचा.