मोलाचा हिशेब

आपल्याकडे मोजण्याच्या रीती मालागणिक बदलतात. आंबे डझनाने, गोवऱ्या शेकड्याने, पण ज्वारी क्विंटलने. ज्वारीचे दाणे मोजत कोणी बसत नाही; तोलली की झाले. अणूंच्या बाबतीत रसायनशास्त्राने हाच व्यवहारी मार्ग पत्करला. अणू डोळ्यांना दिसत नाहीत, तेव्हा ते तोलून मोजायचे. त्यासाठी जो ‘डझन’ ठरला, त्याचे नाव मोल. ६०२२ लिहून पुढे २० शून्ये द्यावीत, जवळपास तितके कण एका मोलमध्ये असतात. २०१९ पासून हा आकडाच मोलची व्याख्या झाला आहे. सोडियमचे इतके अणू २३ ग्रॅम भरतात, कॅल्शियमचे ४० ग्रॅम, ऑक्सिजनचे १६ ग्रॅम. वजन निराळे, संख्या तीच.

मुले हे पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मला त्यांचा राग येत नाही. ज्या हिशेबाचा घरादाराशी संबंध कोणी दाखवला नाही, तो लक्षात राहावा तरी कसा? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मात्र त्याची उदाहरणे दाराशीच आहेत.

पहिले लोणारचे. लवणासुराच्या कथेतले हे गाव, आणि बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे त्याचे विवर. २०२० साली या सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाणी खारट आणि अल्कधर्मी, सामू १० च्या आसपास. पूर्वी येथला खार गोळा केला जाई. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या प्रतींना नावे होती. अशा सोड्याच्या तळ्यांत सापडणारा एक खार म्हणजे ट्रोना. त्याचे सूत्र असे वाचायचे: सोडियम ३, हायड्रोजन १, कंसात कार्बोनेट, कंसाबाहेर २, शेवटी पाण्याचे २ रेणू. कंसाबाहेरचे २ कंसातल्या सर्वांना लागू. म्हणून कार्बन २ आणि ऑक्सिजन ६. पाण्याचे हायड्रोजन ४, ऑक्सिजन २. एकूण सोडियम ३, हायड्रोजन ५, कार्बन २, ऑक्सिजन ८. म्हणजे २२६ ग्रॅम ट्रोनात १८ मोल अणू.

पण हाच खार पाण्यात टाकला तर त्याचे १८ तुकडे होत नाहीत. सोडियमचे ३ आयन सुटे होतात. कार्बन मात्र आपल्या ऑक्सिजनांची सोबत सोडत नाही. एक कार्बोनेट, एक बायकार्बोनेट, असे ढोबळमानाने ५ मोल आयन मिळतात. वाड्यात माणसे किती हा एक प्रश्न आणि चुली किती हा दुसरा. विद्यार्थी अडखळतो तो इथेच.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोल्यातून आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडे येतो. विहिरीला पाणी लागते, पण ते पिकाला देण्याची भीती वाटते. त्यातला सोडियम काळ्या मातीच्या कणांना चिकटतो. कण एकमेकांपासून सुटतात, मातीची छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही. यावर जिप्सम सुचवले जाते. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि पाण्याचे २ रेणू, एका मोलचे वजन १७२ ग्रॅम. कॅल्शियमच्या आयनावर २ धनभार, सोडियमवर १. म्हणून कॅल्शियमचा एक आयन मातीवरचे सोडियमचे दोन आयन हटवतो. १७२ ग्रॅम जिप्समला ४६ ग्रॅम सोडियम, हा झाला सौद्याचा दर.

आता ५० किलोचे पोते घ्या. शुद्ध जिप्सम असेल तर ते फार तर १३.४ किलो सोडियम हटवील. माल ७० टक्केच शुद्ध असेल तर ९.४ किलो. पोते तेच, वजन तेच, पण चार किलोंचा फरक! शेतकऱ्याने दर विचारताना शुद्धताही का विचारावी, ते या दोन ओळींच्या गणितात आहे. अर्थात हटलेला सोडियम गोड्या पाण्याने, बहुधा पावसानेच, निचऱ्यावाटे शेताबाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर तो तिथेच राहील. शिवाय विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट फार असेल तर ते कॅल्शियमला चुनखडीच्या रूपात बसवते आणि पोत्यातला काही भाग वाया जातो. म्हणून माती आणि पाणी दोन्ही तपासून मगच मात्रा ठरवावी.

मराठीत मोल म्हणजे किंमत. रसायनशास्त्रातल्या मोलशी त्या शब्दाचे नाते नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खारपाणपट्ट्यातल्या शाळेत फळ्यावर मोलचे गणित मांडताना गुरुजींनी एकदा जिप्समचे पोते घ्यावे. मुलगा ते गणित घरी सांगेल, आणि पुढच्या खेपेला बाप दुकानदाराला पोत्यातल्या मालाची शुद्धता विचारील.