जॉकीचे वजन: काट्यावर नेमके काय मोजतात?

फेब्रुवारीत महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी होते, तेव्हा एरवी शर्यतींच्या वाटेला न जाणारी माणसेही तिथे गर्दी करतात. रंगीत रेशमी सदऱ्यांतले, चणीने लहान जॉकी दिसले की कुजबुज सुरू होते. ‘यांना उंचीची अट असते.’ ‘जितका हलका तितका बरा.’ ‘धावतो घोडा, यांना काय, नुसतं बसायचं!’ यातले बहुतेक चुकीचे आहे. शिवाय या समजुती निरुपद्रवीही नाहीत. जॉकीने उपाशी राहणे हा खेळाचाच भाग आहे, असे लोकांना वाटू लागते ते त्यांच्यामुळेच.

गैरसमज: उंच माणूस जॉकी होऊ शकत नाही

नियम वजनाचा आहे, उंचीचा नाही. इंग्लंडमधल्या एप्सम येथील डर्बी विक्रमी नऊ वेळा जिंकणारा लेस्टर पिगट ५ फूट ८ इंच उंच होता. आयर्लंडचा जोसेफ ओब्रायन जवळजवळ सहा फुटी. त्याने २०१२ मध्ये ‘कॅमलॉट’वर आणि २०१४ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया’वर तीच डर्बी जिंकली. २०१६ मध्ये ‘हार्बर लॉ’वर सेंट लेजर ही शर्यत जिंकणारा जॉर्ज बेकरही सहा फुटांचाच. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा विली शूमेकर: उंची ४ फूट ११ इंच, वजन सुमारे ४३ किलो आणि नावावर ८,८३३ विजय.

उंच माणसाला अडचण येते ती हाडापेराच्या वजनाची. वय वाढते तसे अंग भरते आणि काटा ऐकत नाही. ओब्रायनला वजनापायीच २०१६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, जॉकीपण सोडावे लागले. तो प्रशिक्षक झाला.

गैरसमज: शर्यतीच्या पुस्तकात छापलेले वजन हे जॉकीचे वजन

ते घोड्याने वाहायचे वजन असते. इंडियन डर्बीत नर घोड्याला ५७ किलो आणि घोडीला त्यापेक्षा दीड किलो कमी वजन असते. शर्यतीपूर्वी जॉकी काट्यावर चढतो तो हातात खोगीर घेऊनच. अंगावरचे कपडे, पायातले बूट, खोगीर, रिकिबी हे सगळे त्या आकड्यात धरलेले असते. सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतीचे खोगीर तळहातावर तोलता येईल इतके हलके असले, तरी सगळे मिळून एक-दोन किलो सहज होतात. म्हणजे ५७ किलो वाहायचे असतील, तर जॉकीचे स्वतःचे वजन साधारण ५५-५६ किलोच्या आतच हवे.

वजन कमी भरले, तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सरकवून आकडा पुरा करतात. शर्यत संपल्यावर जॉकी खोगीर सोडवून तडक काट्याकडे जातो. तिथे आकडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी निघाला, तर जिंकलेला घोडाही अपात्र ठरतो.

गैरसमज: जॉकी जितका हलका, तितका घोडा वेगवान

जॉकी ४५ किलोचा असला, तरी घोड्याला ५७ किलो वाहायचे असतील तर तो ५७ किलोच वाहणार. उरलेला भार शिशाचा. हे शिसे निर्जीव ओझे आहे, जॉकीचे वजन मात्र घोड्याच्या हालचालीबरोबर हलते. म्हणून अनेक प्रशिक्षकांना शिसे कमी आणि माणूस जास्त असलेला भार अधिक पसंत असतो.

हँडिकॅप शर्यतीत तर वजन हीच तराजूची दांडी. ज्या घोड्याची कामगिरी सरस, त्याच्यावर जास्त भार, म्हणजे शर्यत चुरशीची होईल. ऑस्ट्रेलियातल्या ‘फार लॅप’ने १९३० मध्ये ६२.५ किलो वाहून मेलबर्न कप जिंकला. पुढच्या वर्षी हँडिकॅपरने, म्हणजे हा भार ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याच्यावर ६८ किलो लादले आणि तो आठवा आला.

गैरसमज: सगळ्या शर्यतींत वजनाची मर्यादा एकच असते

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर होतात त्या सपाट शर्यती. इंग्लंड-आयर्लंडमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीही मोठ्या प्रमाणावर होतात. त्यांत घोड्यावरचा किमान भार साधारण ६३-६४ किलो असतो. त्यामुळे तिथले जॉकी अंगापिंडाने मोठे असतात. सलग वीस हंगाम अव्वल राहिलेला ए. पी. मॅकॉय ५ फूट १० इंच उंच होता. तिथला भार जास्त असूनही त्याला रोज कढत पाण्याच्या टबात बसून वजन उतरवावे लागे.

गैरसमज: घोडा धावतो, जॉकी नुसता बसतो

जॉकी बसतच नाही. आखूड रिकिबींवर, गुडघे मुडपून तो खोगिराच्या वर अधांतरी तोललेला असतो. ही बैठक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतून इंग्लंडमध्ये आली. ती रूढ झाली त्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या, असे २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील संशोधनात दाखवले गेले. त्यामागचे कारणही त्यात आहे. घोड्याचे अंग प्रत्येक टापेला मागेपुढे हेलकावते. जॉकी पायांनी तो हेलकावा शोषून घेतो आणि स्वतः जवळजवळ एकसारख्या वेगाने पुढे जात राहतो. त्यामुळे घोड्याला त्याचा भार पेलावा लागतो, पण प्रत्येक झेपेत तो नव्याने पुढे ढकलावा लागत नाही. या कसरतीत जॉकीच्या हृदयाचे ठोके कमाल मर्यादेला भिडतात.

यासाठी लागते ती वजनाच्या मानाने असलेली ताकद, तोल आणि दम. म्हणूनच बायकांना हे जमणार नाही, हा समजही टिकला नाही. मिशेल पेनने २०१५ मध्ये मेलबर्न कप जिंकला आणि रेचेल ब्लॅकमोरने २०२१ मध्ये अडथळ्यांची सर्वांत खडतर मानली जाणारी ग्रँड नॅशनल.

गैरसमज: उपास आणि घाम गाळणे ही खेळाची गरजच आहे

या समजुतीची किंमत फार मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात सलग तेरा वर्षे इंग्लंडचा अव्वल जॉकी राहिलेला फ्रेड आर्चर सुमारे पावणेसहा फूट उंच होता. वजन खाली ठेवण्यासाठी तो जेमतेम खायचा आणि जुलाबाचे जालीम औषध घ्यायचा. १८८६ च्या शरद ऋतूत केंब्रिजशायर शर्यतीसाठी त्याने साधारण ५४ किलोपर्यंत उतरण्याचा आटापिटा केला. ती शर्यत थोडक्यात हुकली. पाठोपाठ तापाने गाठले. पत्नीच्या मृत्यूचे दुःख आधीपासून होतेच. ८ नोव्हेंबर १८८६ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, त्याने स्वतःचे आयुष्य संपवले.

घाम गाळून उतरवलेल्या वजनात चरबी नसते, पाणी असते. पाणी कमी झाले की लक्ष विचलित होते आणि प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात. तेही ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या घोळक्यात. वर्षानुवर्षांच्या अर्धपोटी राहण्याने हाडेही विरळ होतात, हे जॉकींच्या तपासण्यांतून दिसले आहे. जो खेळाडू घोड्यावरून पडण्याची शक्यता रोज पत्करतो, त्याची हाडे ठिसूळ असणे किती धोक्याचे!

यावर उपाय आहे. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये रेसकोर्सवरच्या घामाच्या खोल्या, म्हणजे सॉना, कायमच्या बंद करण्यात आल्या आणि २०२२ मध्ये सपाट शर्यतींचे किमान वजन दोन पौंडांनी वाढवले गेले. दोन पौंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. पाचशे किलोच्या आसपास वजन असलेल्या घोड्याला ही वाढ जाणवणारही नाही आणि सर्वांनाच ती लागू असल्याने कोणाची चुरस बिघडत नाही. जॉकीला मात्र त्या ९०० ग्रॅममध्ये दोन-चार ग्लास पाणी पिऊन घोड्यावर चढता येते. किमान भार किती असावा हे टर्फ क्लब आणि नियामक मंडळे ठरवतात. तो आकडा त्यांच्या एका ठरावाने बदलू शकतो, आणि तो बदलावा.