उतार कोणी काढायचा? (लेखमाला ‘कारभार शहराचा’ : भाग 6)

मागच्या भागात महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या राखीव निधीचा हिशेब आपण पाहिला. स्थानिक संस्थांनी दिव्यांग कल्याणासाठी 5 टक्के निधी राखून ठेवायचा, असा राज्य सरकारचा आदेश आहे; पूर्वी हे प्रमाण 3 टक्के होतं. आता त्यापुढचा प्रश्न. निधी बाजूला काढला, तो खर्चही झाला, तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला घरापासून विभाग कार्यालयापर्यंत एकट्याने जाता येत नसेल, तर अडतं कुठे?

हे समजून घ्यायला नवी मुंबईसारखं दुसरं शहर नाही, कारण इथे महापालिकेने खरोखर काम केलेलं आहे. वाशीच्या सेक्टर 30 ए मध्ये 2007 साली महापालिकेने दिव्यांगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण व सेवासुविधा केंद्र सुरू केलं. सगळं शहर त्याला ‘ईटीसी’ म्हणून ओळखतं. विशेष शाळा म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा एखादी संस्था ती चालवते आणि सरकार अनुदान देतं. इथे महापालिकेने स्वतः जबाबदारी उचलली. कर्णबधिर, दृष्टिहीन, बौद्धिक अक्षमता असलेली मुलं तिथे शिकतात, थेरपी मिळते, पालकांना मार्गदर्शन मिळतं. आपल्या मुलाला नेमकं काय झालंय हे सांगणारं माणूस शोधत आईबापांना किती दवाखान्यांचे उंबरे झिजवावे लागतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या केंद्राची किंमत वेगळी सांगायला नको.

पण चांगलं केंद्र उभं राहिलं की महापालिकेतल्या बाकीच्या खात्यांना एक सोय होते. दिव्यांगांचं म्हणून जे काही असेल, ते ‘ईटीसीकडे पाठवा’. फाइल तिकडे जाते. पदपथाचं टेंडर मात्र अभियांत्रिकी विभागात निघतं, बांधकाम परवानगी नगररचना देते, बस परिवहन उपक्रम विकत घेतो आणि वेबसाइट माहिती तंत्रज्ञानवाले चालवतात. दिव्यांग माणसाचा दिवस या चार टेबलांवर ठरतो, आणि यातलं एकही टेबल ईटीसीत नाही.

साधा उतार घ्या, ज्याला सगळे रॅम्प म्हणतात. प्रमाण 1:12. जमिनीपासून एक फूट उंच चढायचं, तर उतार बारा फूट लांब हवा. चार पायऱ्या असलेल्या इमारतीचं जोतं साधारण दोन फूट उंच असतं, म्हणजे चोवीस फूट लांबी, वर वळायला सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. ही जागा नकाशावरच राखावी लागते. ती राखली नाही, की शेवटी पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा एक उभा पट्टा ओतला जातो. स्कूटर चढवायला तो चालतो; व्हीलचेअर त्यावरून वर जात नाही, आणि उतरताना माणसासकट उलटायची भीती. अहवालात मात्र ‘रॅम्प : आहे’ अशी नोंद होते.

पदपथावरच्या पिवळ्या खडबडीत लाद्यांचंही तसंच. लांब रेघांची लादी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा रस्ता आहे. पांढऱ्या काठीने आणि तळपायाने वाचायची ही लिपी आहे. ती शोभेच्या पट्ट्यासारखी बसवली, मधेच विजेच्या पेटीवर नेऊन संपवली, तर वाचणाऱ्याचं डोकं त्या पेटीवर आपटतं. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी खांब रोवतात. दोन खांबांत तीन फूट मोकळे नसतील, तर दुचाकीआधी व्हीलचेअर अडते.

नवी मुंबईत याला आणखी एक पदर आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची, महापालिका 1992 पासूनची. स्टेशनं सिडकोने बांधली आणि गाड्या रेल्वेच्या. सिडकोने आखलेल्या वसाहतींतले, म्हणजे नोडमधले, रस्ते महापालिकेचे, ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक जमीन एमआयडीसीची. स्टेशनातून उतरून पदपथाने बसथांब्यावर जाणारा माणूस पाच मिनिटांत दोन-तीन हद्दी ओलांडतो. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत सुगम काम केलं, तरी दोन हद्दींमधली सहा इंचांची पायरी कोणाचीच नसते.

आणि सगळेच नोडमध्ये राहत नाहीत. 95 गावांच्या जमिनींवर हे शहर वसलं. गावठाणांत घराला घर लागून आहे, गल्ल्या अरुंद आहेत. दिघा-रबाळे बाजूच्या डोंगरउतारावर वस्त्या आहेत, कातकरी पाडा आहे. राज्यातल्या ज्या तीन जमाती केंद्र सरकारने विशेष बिकट स्थितीतल्या मानल्या, त्यांत कातकरी एक. तिथल्या दिव्यांग मुलीच्या वाट्याला जात, गरिबी, कागदपत्रांची वानवा आणि चढण हे सगळं एकदम येतं. तिच्यासाठी समाज विकास विभागाची शिष्यवृत्ती वेगळी, ईटीसी वेगळं, आदिवासी विकासाची योजना वेगळी. तिन्हींसाठी दाखले वेगळे. माझ्या मते महापालिकेच्या समतेची परीक्षा वाशीत नव्हे, इथे होते.

कायदा तोकडा आहे का? अजिबात नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा 21 प्रकारच्या अक्षमता मानतो. जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करा, असं त्यात आहे. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. कलम 44 तर थेट सांगतं की सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला ना परवानगी द्यायची, ना पूर्णत्वाचा दाखला. ही किल्ली नगररचना विभागाच्या खिशात आहे. नियमांतली मानकं सक्तीची नसून मार्गदर्शक आहेत, अशी पळवाट मधे निघाली होती. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ती बंद केली आणि केंद्राला सक्तीचे नियम करायला सांगितलं.

मग वेगळं काय करता येईल? अमेरिकेत सिएटल शहराने वंशभेदाच्या बाबतीत एक रीत घातली. तिथे 2004 पासून वांशिक समतेचा उपक्रम आहे आणि नवं धोरण किंवा खर्च ठरवताना खात्यांनीच ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात : याचा फायदा कोणाला, भार कोणावर, आणि ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारलं का? आपल्याकडे भेद जातीचा, वस्तीचा, अक्षमतेचा आहे, पण प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. पदपथाच्या प्रस्तावावर कनिष्ठ अभियंत्यालाच हे लिहावं लागलं, आणि काम पूर्ण झाल्याचं बिल निघण्याआधी व्हीलचेअर वापरणारा व दृष्टिहीन असे दोन नागरिक त्या रस्त्यावरून जाऊन आले, तर पेटीवर संपणारी लादी देयकाआधीच सापडेल. याला नवा निधी लागत नाही.

सभागृहाचाही विचार व्हायला हवा. नगरसेवकांची मुदत 2020 मध्ये संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात तक्रार घेऊन जायला वॉर्डातलं हक्काचं दार नव्हतं. शिवाय महापालिकेत महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना, इतर मागासवर्गीयांना राखीव जागा आहेत, दिव्यांगांना नाहीत. तमिळनाडूने 2025 मध्ये स्थानिक संस्थांत दिव्यांग सदस्य नामनिर्देशित करण्याचा कायदा केला. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं 2022 मध्ये काढलं. नामनिर्देशनाचं हे पुढचं पाऊल त्या खात्यानेच रेटायला हवं.

तोवर वाचकांच्या हाती एक गोष्ट आहे.  बेलापूर ते दिघा अशी आठ विभाग कार्यालयं आहेत. तुमच्या गल्लीतल्या उताराची उंची-लांबी मोजा, फोटो काढा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठल्याही वहीत चढत नाही.

पुढच्या भागात : दिव्यांगांसाठी राखलेल्या 4 टक्के नोकऱ्या आणि बिंदुनामावली.