आधी वाचा, मग पुसा: ट्रेझर कोस्टची सत्तर वर्षं

फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर सेबॅस्टियन, फोर्ट पिअर्स आणि त्यांच्या आसपासच्या पट्ट्याला ‘ट्रेझर कोस्ट’ म्हणतात. नाव चाच्यांच्या काळातलं वाटतं, पण ते रूढ झालं १९६०च्या दशकात, तेही इथल्या वर्तमानपत्रांमुळे. मी या भागात राहायला आले तेव्हा पुळणीवर पहाटे हेडफोन लावून, हातात धातुशोधक यंत्र घेऊन फिरणारी माणसं पाहिली, त्यांच्यात मिसळले आणि हळूहळू या छंदामागचा इतिहास समजत गेला. तो सोनं सापडण्याचा इतिहास आहेच. पण सापडलेल्या वस्तूकडे बघायला माणसं कशी शिकली, ही त्यातली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते.

२४ जुलै १७१५ला स्पेनचा खजिन्याचा ताफा हवानाहून निघाला. आठवड्याभरात, ३० आणि ३१ जुलैच्या रात्री, चक्रीवादळाने ११ जहाजं याच किनाऱ्यावर आपटून फोडली. सोबतचं एक फ्रेंच जहाज तेवढं वाचलं. वाचलेल्या खलाशांनी पुळणीमागच्या उंचवट्यावर तळ ठोकला आणि स्पेनने पाणबुडे आणून पुढची काही वर्षं जमेल तेवढं वर काढलं. मग सगळं विस्मरणात गेलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायोहून इथे आलेला किप वॅगनर हा बांधकामाचा ठेकेदार. वादळानंतर वाळूत त्याला चांदीची वेडीवाकडी काळी नाणी मिळू लागली. दुसरा कोणी ती विकून मोकळा झाला असता. वॅगनर नाण्यांवरची सालं बघत बसला, आणि त्याच्या लक्षात आलं की १७१५ नंतरचं एकही नाणं त्यांत नाही. त्याचे डॉक्टर मित्र केल्सो यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बर्नार्ड रोमन्सचं १७७५चं पुस्तक शोधून काढलं. त्यातल्या नकाशावर ताफा बुडाल्याची जागा नोंदलेली होती. युद्धात भूसुरुंग शोधायला वापरलेली यंत्रं तेव्हा मोडीत स्वस्त मिळत. तसलंच एक घेऊन वॅगनरने झुडपं पालथी घातली आणि खलाशांचा तळ शोधला. तिथे तोफगोळे, जहाजाचे खिळे आणि हिरा जडवलेली सोन्याची अंगठी निघाली. पुढे त्याने सोबत्यांसह ‘रिअल एट’ कंपनी काढली आणि समुद्रातलं काम सुरू झालं.

१९६२मध्ये त्याच्या भाच्याला पुळणीत सोन्याची साखळी मिळाली. अकरा फुटांहून लांब, २,१७६ कड्यांची, आणि प्रत्येक कडी फुलासारखी घडवलेली. टोकाला ड्रॅगनच्या आकाराचं पदक. ड्रॅगनचं अंग म्हणजे शिट्टी, पाठीतून बाहेर फिरणारं दातकोरणं आणि शेपटीचं कानकोरणं! आपल्याकडेही जुन्या घरांत चांदीचं दातकोरणं-कानकोरणं एकाच कडीत ओवलेलं असायचं, म्हणून हे वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या अज्ञात दर्यावर्दीबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. अडीचशे वर्षं वाळूत राहूनही सोन्याला काही झालं नव्हतं. १९६७च्या लिलावात या साखळीला ५०,००० डॉलर मिळाले.

चांदीचं नशीब वेगळं. समुद्रात तिच्यावर सल्फाइडचा आणि क्लोराइडचा थर चढतो. नाणी एकमेकांना चिकटून ढेकूळ होतात, काही तर आतून पोखरून पापुद्र्यासारखी उरतात. सुरुवातीच्या काळात खजिना शोधणारे सर्रास ॲसिड वापरत. नाणं चमकायचं, पण त्यावरचं साल, टांकसाळीची खूण आणि क्रूसाची कड ॲसिडने खाल्लेली असायची. ज्या सालांनी वॅगनरला वाट दाखवली, तीच माणसांनी स्वतःच्या हाताने पुसली. हे मला अजून खुपतं.

छंद घरोघर पोहोचला तो पुढच्या काळात. ओल्या खाऱ्या वाळूतून वीज वाहते, त्यामुळे साधी यंत्रं तिथे उगीचच ओरडतात. पल्स इंडक्शन पद्धतीने आणि नंतर अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणाऱ्या यंत्रांनी ही अडचण बरीच दूर केली. एक अडचण मात्र आजही तशीच आहे. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची चावी यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. चाव्या नकोत म्हणून आवाज गाळले की अंगठ्याही गळतात. म्हणून जाणता माणूस सगळं खणतो आणि कचरा पिशवीत भरून घरी नेतो. पातळ साखळी तर कित्येकदा यंत्राला कळतच नाही, कारण प्रत्येक कडीचा प्रतिसाद इवलासा असतो.

सप्टेंबर २००४मध्ये फ्रान्सिस आणि जीन ही दोन चक्रीवादळं तीन आठवड्यांच्या आत याच किनाऱ्यावर धडकली. घरं गेली, माणसांचे हाल झाले. पुळणही कित्येक फूट कापली गेली आणि जुने थर उघडे पडले. जुने छांदिष्ट त्या दिवसांबद्दल अजून हळू आवाजात बोलतात. त्यानंतर धूप थांबवायला बाहेरची वाळू आणून टाकली जाते, तिच्याखाली जुना थर पुन्हा खोल जातो.

आता पुळणीत मिळतं ते बहुतेक आपल्याच काळातलं: थंड पाण्यात बोट आक्रसून निसटलेली लग्नाची अंगठी, कानातलं, शाळेची अंगठी. गेल्या हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटून वाळूची कड तुटली तेव्हा मला असलीच एक चांदीची अंगठी मिळाली. कोळशासारखी काळी, वर शिंपल्यांचा चुरा घट्ट बसलेला. आधी ती गोड्या पाण्यात ठेवली आणि रोज पाणी बदललं, म्हणजे आत मुरलेलं मीठ सुटतं. चुरा मऊ झाल्यावर बांबूच्या काडीने कण कण काढला. ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी वापरलं की चांदीवरच्या सल्फाइडची पुन्हा चांदी होते, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चांदी उजळते. तो उपाय मी फक्त बाहेरच्या बाजूला, फॉइलच्या ओल्या बोळ्याने केला. आतली बाजू नुसती ओली करून भिंगाखाली धरली. झिजलेल्या कोरीव अक्षरांत काळेपणा बसला होता, म्हणूनच ती वाचता आली: शाळेचं नाव, १९६८ हे साल, तीन आद्याक्षरं. ती काळी रेघ घासून टाकली असती तर अंगठी निनावी झाली असती. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघामार्फत ती आपल्या घरी पोहोचली.

सोन्याला मी आजीसारखंच रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश लावते, दुसरं काही लागत नाही. मोती असला तर पाण्यात बुडवायचासुद्धा नाही. ओल्या फडक्याने पुसायचा, सोडा आणि व्हिनेगर त्याच्या जवळपासही आणायचं नाही.

जहाजांच्या अवशेषांवर परवानाधारकच काम करू शकतात आणि त्यांना सापडलेल्या वस्तूंतला २० टक्क्यांपर्यंत वाटा फ्लोरिडा राज्य संग्रहालयासाठी ठेवतं. काहींना हा नियम जाचक वाटतो. मला तो हवासा वाटतो, कारण कोणती वस्तू कुठे मिळाली हे त्यामुळे कागदावर राहतं. २०१४मध्ये एका पाणबुड्या कुटुंबाला सोन्याच्या तारकामाचा एक तुकडा मिळाला. त्याआधी सुमारे पंचवीस वर्षं १७१५च्या ताफ्याच्याच अवशेषांत सापडलेल्या दुसऱ्या तुकड्याशी तो ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही नेमके जुळले: पवित्र प्रसाद ठेवायची पाद्र्याची डबी. पहिला तुकडा कोणी वितळवला असता किंवा नोंद न करता विकला असता, तर दुसरा कशाचा आहे हे कोणालाच सांगता आलं नसतं.