वाघासाठी नव्हे, पाण्यासाठी चांदोली

ताडोब्याची वाघीण नोव्हेंबर २०२५ मध्ये चांदोलीत आणली गेली, तेव्हापासून श्रीपूर-अकलूज भागात एक बेत सारखा ऐकू येतो. साखर कारखान्याचा पट्टा पडला, पोरांच्या परीक्षा संपल्या, की गाडी काढायची, चांदोलीत वाघ बघायचा आणि तसंच पुढे कोकणात उतरायचं. बेत उत्तम आहे. पण त्यातला वाघ बाजूला ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. चांदोली ज्याचा भाग आहे तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ इथे आणायला केंद्राने परवानगी दिली आहे. अंधारलेलं सदाहरित रान, उभे कडे आणि मोजके वाघ, असा हा मामला. दोन तासांच्या फेरीत वाघ दिसला नाही म्हणून सहल वाया गेली असं म्हणत परतायचं असेल, तर चांदोलीला जाऊच नये.

मग जायचं कशाला? आपलं पाणी ज्या सह्याद्रीतून येतं, तो बघायला.

आपण पर्जन्यछायेत राहतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या माथ्यावर काही ठिकाणी पाच हजारांच्या वर. तरीही माळशिरस तालुक्यात ऊस उभा आहे, कारण माथ्यावरचा पाऊस नीरेतून आणि तिच्या उजव्या कालव्यातून आपल्या शिवारात येतो. हीच नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते. त्या पाण्याच्या उलट दिशेने डोंगर चढायचा, पलीकडे समुद्रापर्यंत उतरायचं आणि परतताना नीरेच्या काठाने घरी यायचं, अशी ही सहा दिवसांची वाट आहे.

पहिल्या दिवशी वेळापूर, महूद, सांगोला, मिरज करत शिराळ्यावरून वारणावतीला मुक्काम. उसाचा हंगाम चालू असेल तर अंधारात निघू नका. रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या जोडट्रॉल्या रात्री दिसत नाहीत, हे आपल्या रस्त्यांवर कुणाला वेगळं सांगायला नको. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. राज्यातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी आपल्याला सगळ्यांत जवळचं हेच. कोकणात समुद्राला लागून राष्ट्रीय उद्यान शोधायला गेलात तर सापडणार नाही. या वाटेवरचं राष्ट्रीय उद्यान घाटमाथ्यावर आहे, म्हणून समुद्राकडे जाण्याआधी इथे थांबायचं. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. प्रवेशाच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी वनखात्याकडून आधी विचारून घ्या. आत गेल्यावर वसंतसागराचं पाणी, झोळंबीचा सडा, गवे, शेकरू आणि पायाखालची ओल बघा. ही ओलच उन्हाळ्यापर्यंत झरे जिवंत ठेवते. या रानातून गावं उठली तेव्हा वाघाला जागा झाली, हेही लक्षात असू द्या. कोयनेच्या धरणाने उठवलेली कुटुंबं तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातही येऊन वसली आहेत.

दुसऱ्या दिवशी कोकरूड, मलकापूरवरून आंबा घाट उतरला की कोकण. रात्री गणपतीपुळ्याला टेका. तिथून पुढच्या आखणीत बहुतेक जण चुकतात. फोनवरचा नकाशा किलोमीटर दाखवतो, पण किनाऱ्यावरचं अंतर खाड्यांवर ठरतं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचे मोठे पूल पूर्ण होईपर्यंत जयगड-तवसाळ, धोपावे-दाभोळ आणि वेसवी-बागमांडला या तीन ठिकाणी गाडी जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, चढवूनच पलीकडे जायचं. शनिवार-रविवारी रांग लागते, म्हणून हा टप्पा मधल्या वारी ठेवा.

धोपाव्याच्या जेटीत गाडीतून खाली उतरा आणि पाण्याकडे बघा. ही वाशिष्ठीची खाडी. यातलं पुष्कळ पाणी मुळात पूर्वेला, आपल्या बाजूला वाहणारं आहे. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, पण धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरावर सोडलं जातं आणि वीज करून वाशिष्ठीत उतरतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या वळणासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. आपल्या घरातला दिवा आणि दाभोळची खाडी यांचं नातं असं बोगद्यातून गेलेलं आहे. दुष्काळी भागातल्या माणसाने हे पाणी एकदा तरी डोळ्यांनी पाहावं.

भरती-ओहोटीसाठी ॲप लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. हिशेब ढोबळ आहे, पण बेत आखायला पुरतो. पंढरपूरच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला तिथी कुणी शिकवायला नको. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघायची, तेव्हाच पाणी फटीतून उसळून वर येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मात्र ओहोटीलाच. भरतीत त्या कातळावर पाय ठेवू नका. आणि गाडी वाळूत घालू नका. ती रुतते, आणि त्याच वाळूत कासवांची अंडी असतात.

खरं तर या सगळ्या बेताचा गाभा पाचव्या दिवशी येतो. गुहागर, दापोली, हर्णै मागे टाकून वेळासला पोचायचं. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक. तो जरूर बघा. पण रात्र वेळासलाच काढा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे समुद्रगरुडांची पाहणी करत २००२ मध्ये या किनाऱ्यावर आले. तेव्हा ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी उकरून अंडी नेली जात होती. त्यांनी गावालाच सोबत घेतलं. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, तशाच खड्ड्यात पुरायची, वर टोपली झाकायची आणि पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडायची. जी माणसं अंडी काढत होती, त्यांच्याच गावात कासवमित्र उभे राहिले, घराघरांत पाहुण्यांची सोय झाली आणि कासव महोत्सव सुरू झाला. वाघासाठी सरकार लागतं, पिंजरे लागतात. कासवासाठी एका गावाने मन बदललं आणि ते पुरलं. संवर्धनाचं याहून मोठं उदाहरण महाराष्ट्रात मला दिसत नाही.

अंडी उबायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ. आपला हंगामही त्याच सुमाराला संपतो. पिल्लं दिसतीलच असं नाही. दिसली तर दोरीच्या मागे थांबा, फ्लॅश मारू नका, हात लावू नका. तळहाताहून लहान तो जीव कुठवर जातो, याचा अंदाज एका मादीने दिला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर तिला खुणेचा बिल्ला लावला होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा तिच्या लेखी एकच समुद्र.

सहाव्या दिवशी बागमांडल्याला उतरून हरिहरेश्वर, श्रीवर्धनवरून महाड गाठायचं आणि वरंध घाटाने वर यायचं. हा घाट पावसाळ्यात आणि कामाच्या वेळी बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा, बंद असेल तर ताम्हिणी आहेच. घाट चढून भोरकडे वळलात की डाव्या-उजव्या हाताला डोंगर आणि मध्ये नीरा देवघर धरणाचं पाणी दिसेल. गाडी थांबवा, पोरांना खाली उतरवा आणि सांगा, की हीच आपली नीरा. पुढे शिरवळ, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस हा सगळा रस्ता तिच्याच खोऱ्यातला आहे.

घरी आल्यावर वाघ दिसला का, असं सगळे विचारतील. नाही म्हणून सांगायला संकोच वाटू देऊ नका. ज्या रानात तो राहतो तसं रान नीरेच्या माथ्यावरही टिकलं, तर तिथला पाऊस मुरेल, नीरा वाहील आणि श्रीपूरच्या उसाला कालव्याची पाळी मिळेल. हे एवढं मुलांना समजलं, तरी सहा दिवस आणि डिझेलचे पैसे सत्कारणी लागले.