पऱ्हाटीच्या भिंती

1890च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांत वसायला आलेल्या लोकांजवळ घर बांधायला ना लाकूड होतं, ना धड माती. गवत मात्र अमाप होतं, आणि ते दाबून चौकोनी गठ्ठे बांधणारी यंत्रंही आली होती. त्यांनी हे गठ्ठेच विटांसारखे रचले. बेयार्डजवळची अशी एक शाळा गिलाव्याविना राहिली आणि गुरांनी ती खाऊन टाकली. आर्थर गावातलं 1928चं पेंढ्याचं चर्च मात्र गिलाव्याच्या आधारानं अजून उभं आहे.

विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात, कोलाम आदिवासींच्या पोडांवर म्हणजे वस्त्यांवर, लिंपणाचं हे मोल कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जिल्हा कापसाचा, इथे पेंढ्यापेक्षा पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) आणि तुराटी (तुरीच्या काड्या) मुबलक. लाकडी मेढी रोवून त्यांच्यामध्ये बांबूच्या कमच्या, तुराटी किंवा पऱ्हाटी बांधायची आणि दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपायचं, की कुड तयार. काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून लिंपणाला पांढरी माती बरी. तीत गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, मिसळला की तो मातीला धरून ठेवतो.

हे काम हिवाळ्याचंच. पहिला थर वाळला, की त्यातल्या भेगा दुसऱ्या थरानं बुजवायच्या असतात; त्यासाठी पावसाचं भय नसलेले कोरडे दिवस हवेत. पेंढ्याच्या गठ्ठ्यांचंही तसंच: आत 20 टक्क्यांहून जास्त ओलावा टिकून राहिला तर बुरशी धरते. त्या दीड फूट जाड भिंती उन्हाळ्याची काहिली उत्तम अडवतात. पातळ कुडाला ते तितकं साधत नाही, हे मान्य करायला हवं.

पऱ्हाटीचं आणखी एक पथ्य आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं या जिल्ह्यात हाहाकार उडवला. पऱ्हाटीवर उरलेल्या कवड्यांत, म्हणजे न उमलता वाळलेल्या बोंडांत, ही अळी सुप्तावस्थेत राहते, म्हणूनच फरदड (हंगामानंतरही राखलेलं पीक) न घेता पीक वेळेत काढायला कृषी विभाग सांगतो. भिंतीसाठी ठेवायच्या पऱ्हाटीवरची प्रत्येक कवडी आधी तोडून नष्ट केली पाहिजे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्थानिक माती, बांबू आणि लाकूड वापरून उभारलेली कुटी पुढे गांधीजींची बापूकुटी झाली. ती पाहायला देशभरातून माणसं येतात. पोडावरचा कुड मात्र 2011च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय जनगणनेत कच्च्या घराची खूण ठरला. आदिम जमातींसाठी 2023मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून कोलामांनाही पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत. गळक्या छपराखाली राहण्यात कसलंही भूषण नाही.

पण पक्कं म्हणजे सिमेंटचंच, असं का? अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत पेंढ्याच्या भिंतींसाठी 2015पासून स्वतंत्र परिशिष्ट आहे. कुडासाठीही असे नियम लिहिता येतील: दगडी जोतं किती उंच, वळचण भिंतीपुढे किती, मेढीचं बूड वाळवीपासून कसं राखायचं. पोडावरच्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन अभियंत्यांनी हे काम हाती घ्यावं.