नाटकाचे फोटो काढताय? आधी लेन्सचं अ‍ॅपर्चर बघा!

रंगमंचावर उजेड कमी, फ्लॅश चालत नाही आणि नट काही एका जागी थांबत नाहीत. अशा वेळी मोठ्या अ‍ॅपर्चरची टेलिफोटो प्राइम लेन्स कामाला येते.

एफ/४ ऐवजी एफ/२ ठेवलं की चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे त्याच आयएसओवर शटर १/१२५ वरून थेट १/५०० सेकंद! स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, नटाची हालचाल नाही.

🔹 पुढच्या रांगेतून: ८५ एमएम एफ/१.८. हलकी आणि तुलनेनं स्वस्त.
🔹 थोडं मागून: १३५ एमएम एफ/१.८ किंवा एफ/२.

मात्र फुल फ्रेमवर १३५ एमएम, एफ/२ आणि अंतर ३ मीटर असेल, तर जेमतेम ६ सेंटिमीटर भागच स्पष्ट येतो. फोकस डोळ्यांवरच हवा.

पहिलीच प्राइम घेत असाल, तर ८५ घ्या.